आईच्या आवडीचं

आई गेली तेव्हा, आणि त्यानंतरही बरेच दिवस, मला काहीच वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. धारवाडात मळमड्डीच्या घरात बाहेरच्या खोलीत भाड्यानं आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भेटायला येणारी माणसं त्यांवर बसून तेच ते विचारत होती. कसं झालं? आजारी होत्या का? त्रास नाही ना झाला? वहिनी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायची आणि ठराविक जागी तिला हुंदका यायचा. मी दाराशी बसून बघायचे. एका खुर्चीच्या पायाला चीर गेली होती आणि येणारा सगळ्यांत वजनदार माणूस नेमका तिच्यावरच जाऊन बसत होता. आता मोडेल, मग मोडेल, एवढी एकच काळजी मला त्या दिवसांत होती.

शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी येत आणि माझा हात हातात घेत. "अत्तबिडव्वा, हगुर आगतद," म्हणत. रडून घे बाई, हलकं वाटेल. मी मान डोलवायचे. रडू काय कुणी सांगितलं म्हणून येतं? हात सोडवून घ्यावासा वाटे, पण त्यांचा हात ऊबदार होता आणि माझा गार, तेव्हा राहू द्यायचे.

लग्न झालेल्या लेकीला सुतक तीनच दिवसांचं. तीन दिवसांनी मी नवनगरला माझ्या घरी गेले असते तरी चाललं असतं. पण जाऊन काय करायचं हे सुचलं नाही, म्हणून मी तिथंच राहिले. कामं होती. दूध तापवायचं, पाणी भरायचं, येणाऱ्यांना चहा द्यायचा. चहा देताना लोक माझ्या तोंडाकडे निरखून बघायचे, आणि तिथं काही सापडलं नाही की जरा नाराज व्हायचे.

आई तशी सहज गेली. सकाळी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि दाराशी खुर्चीत येऊन बसली. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या मुली जिना उतरत होत्या. आईनं त्यांना विचारलं, "ऊट आत?" जेवण झालं का, असं ती दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणालाही विचारायची. मुली म्हणाल्या, "आतरी. निमदु?" झालं, तुमचं? आई म्हणाली, "नंदू आतु." माझंही झालं. मुली फाटकाबाहेर गेल्या आणि थोड्या वेळानं वहिनी बाहेर येऊन बघते तर आईची मान कललेली. त्या सकाळी तिनं चहाशिवाय काहीही घेतलेलं नव्हतं, असं वहिनी नंतर सगळ्यांना सांगत होती. म्हणजे आईचं शेवटचं बोलणं खोटं होतं. वहिनी हे सांगताना रडायची. मला त्यात काही नवल वाटलं नाही. खाण्याच्या बाबतीत आई जन्मभर खोटंच बोलत आली होती. हे किती खरं आहे ते मात्र मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

आमच्या धारवाडात ऊट आत ही नुसती बोलायची पद्धत आहे. रस्त्यात कुणी भेटलं की विचारायचं, त्यानं आत म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. आईचं तसं नव्हतं. ती उत्तराची वाट बघायची. पेपर टाकणारा, गॅसची टाकी आणणारा, मीटर बघायला आलेला, कुणी "इल्लरी", नाही अजून, म्हणालं की संपलं. त्याला ओट्यावर बसवून घेतल्याशिवाय आणि हातात बशी दिल्याशिवाय ती सोडत नसे. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक होते. पगार बेताचा. ते चिडायचे. "ही काय खानावळ आहे?" म्हणायचे. आई म्हणायची, "होय की, खानावळ तर खानावळ." आणि त्यांच्या पानात तूप वाढायची.

माझी लेक तर आईनंच वाढवली. माझी नोकरी हुबळीत, सरकारी कचेरीत. नवरा कायम फिरतीवर, अजूनही. सकाळी मी हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरहून उलट दिशेची बस धरून लेकीला मळमड्डीत सोडायचे, परत फिरून हुबळीला जायचे आणि संध्याकाळी तिला न्यायला यायचे. शाळेत जाऊ लागली तरी शाळा सुटल्यावर ती आज्जीकडेच. तिला कन्नड आईनं शिकवलं, वेण्या घालायला आईनं शिकवलं, भांडायलाही आईनंच. लेक आता बेंगळूरला असते. बातमी कळल्यावर आली ती थेट आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू रडली नाहीस?" मी म्हटलं, "वेळ नाही मिळाला." ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तेरावा जवळ आला तसा आचारी आला. आमच्या घरच्या मुंजी, डोहाळजेवणं, सगळ्याला हाच. तो ओसरीवर टेकला आणि कन्नड-मराठी मिसळून बोलू लागला. वरण, भात, सारू, दोन भाज्या, कोशिंबीर, आंबोडे हे ठरलेलंच. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "अक्कार, आईसाहेबांच्या आवडीचं एन माडूणरी?" काय करायचं?

गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक तरी पदार्थ त्या दिवशी व्हावा लागतो. त्याच्या नावाचं वेगळं पान मांडतात आणि त्यावर तो पदार्थ आधी वाढतात. आवडीचं मिळालं नाही तर जीव अडकून राहतो म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. पण अप्पा गेले तेव्हा आईनं कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं, आचाऱ्याला म्हणाली होती, सांडग्यांची आमटी आणि जिलेबी. एका दमात. अप्पांच्या आवडी तिला तोंडपाठ होत्या.

माझा भाऊ, अण्णा, तोही एका दमातच म्हणाला, "हुग्गी. गव्हाची, गुळातली हुग्गी. आईचा जीव होता त्यावर."

वहिनी आतून म्हणाली, "हुग्गी? छे हो. त्यांना गूळ फारसा चालतच नव्हता. त्यांना कोथिंबिरीच्या वड्या. मी केल्या की म्हणायच्या, तुझ्या हातच्या वड्या म्हणजे माझा जीव आहे बघ." वहिनी सांगलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथलं काही करता येत नव्हतं, वड्या तेवढ्या येत होत्या.

मी म्हटलं, "भरली वांगी." मला त्यात जराही शंका नव्हती. "आईला आणि मला, दोघींना वांगी. आम्हा दोघींसाठीच तर करायची ती." आणि खरंच तसंच होतं. लहान काटेरी वांगी, आत दाणे, तीळ, कारळं, चिंच, गूळ, तेल सुटेपर्यंत मंद आचेवर. मी मळमड्डीत जेवायला असले की वांगी ठरलेली. माझ्या पानात आई सगळ्यांत लहान वांगं निवडून वाढायची, ते कोवळं असतं म्हणून. नवनगरच्या घरी मी वांगी कधीच केली नाहीत. आईसारखी व्हायची नाहीत, मग कशाला करा.

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "दूधपोळी." आचाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. "दूधपोळी कुस्करून, वर साखर. आज्जी आणि मी एका वाडग्यात खायचो. ती म्हणायची, मला जगात दुसरं काही नको."

मग थोडा वेळ वाद झाला. अण्णा आवाज चढवून बोलू लागला. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. आचारी तंबाखूची पुडी हातात धरून शांत बसला होता, त्यानं असे वाद पुष्कळ घरांत बघितले असणार. आणि मग लेक म्हणाली, "तुम्हाला कळतंय का? मामाला हुग्गी आवडते. मामीला वड्या. आईला वांगी. मला दूधपोळी. आपण सगळे आपापल्या आवडीचं सांगतोय. तिनं प्रत्येकाला सांगितलं होतं, मलाही हेच आवडतं म्हणून."

बाहेर रिक्षा उभी राहिल्याचा आवाज आला, म्हणजे आणखी कुणीतरी भेटायला आलं होतं.

"मग आज्जीला काय आवडायचं?" लेकीनं विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी, अण्णा, वहिनी. आमच्यातलं कुणी साठीला टेकलेलं, कुणी साठीपलीकडचं. तिच्या हातचं जेवून मोठी झालेली, तिच्याशेजारी बसून जेवलेली. आम्हाला माहीत नव्हतं.

आचारी उठला. "उद्या मुंजानी हेळ्री," म्हणाला. उद्या सकाळी सांगा. त्याला बाजार करायचा होता.

तेव्हा तरी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला आईचा राग आला. काय म्हणून तिनं असं करावं? प्रत्येकाशी वेगळं, प्रत्येकाला वाटावं की आपलं नि तिचं काही खास गुपित आहे. एका घरात चार माणसांना चार गुपितं दिली आणि स्वतःचं काही मागं ठेवलं नाही. आता हिच्या पानात वाढायचं काय?

त्या दुपारी मी मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, गदगला असते. कानानं अधू, त्यामुळे ओरडून बोलावं लागलं. बाहेर बसलेल्या चार माणसांनी सगळं ऐकलं.

"आईला काय आवडायचं?" मी ओरडले. "लहानपणी! खायला!"

"आवडायचं?" मावशी म्हणाली. "आम्हाला कोण विचारत होतं की गं? बाबांना चालेल ते शिजायचं. बाबांना मुळा चालायचा नाही, वांगं चालायचं नाही, भोपळा चालायचा नाही. उरलं त्यात कसली आवड? वाढलं ते खायचं नि उठायचं." मग तिनं विचारलं, "तू जेवलीस काय?"

मी म्हटलं, "जेवले." जेवले नव्हते.

संध्याकाळी मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. आई एकटी असताना काय खात असेल, असा विचार करत होते. माणूस एकटं असलं की मनासारखं खातं. मला तिला एकटी जेवताना बघितल्याचं एकदाच आठवलं. लेक तेव्हा लहान होती. कसलातरी बंद होता, कचेरी लवकर सुटली, आणि मी न सांगता भर दुपारी मळमड्डीत आले. पुढचं दार लोटलेलं होतं. लेक आत झोपली होती. आई मागच्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन जेवत बसली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ऊन पायरीच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. तिनं जुनं इरकल नेसलेलं होतं, वांगी रंगाचं, काठ विरलेले. केस मोकळे सोडून वाळवत होती. शेजारी रेडिओ अगदी बारीक लावला होता, कन्नडमधून शेतकऱ्यांना काहीतरी सांगत होते आणि ती ते मन लावून ऐकत होती, आमचं शेत नाही काही नाही. चावताना तिची मान हळूहळू हलत होती. घाई नव्हती. मी तिला इतकं सावकाश जेवताना कधीच बघितलं नव्हतं.

मग तिला चाहूल लागली. ती दचकली, ताटाच्या कडेला जे काही काढून ठेवलं होतं ते मुठीत घेऊन अळूच्या आळ्यात टाकलं, आणि उभीच राहिली. "अगं, तू? जेवलीस का? बस, वाढते."

रेडिओसुद्धा आठवतो. आळ्यातल्या पाण्यावर पडलेलं ऊन आठवतं. ताटात काय होतं, आठवत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

सकाळी आचारी आला तेव्हा अण्णानं निकाल लावून टाकला. "हुग्गी करा, वड्या करा. पोरीसाठी दूधपोळी घरात करू, पानावर ठेवू. वांग्यांचं काय?" आचारी म्हणाला, एवढ्या माणसांची वांगी भरत बसायला माणसं जास्त लागतील, शिवाय काही भटजी अशा दिवशी वांगं म्हटलं की कुरकुरतात. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "राहू द्या. माझ्याच आवडीचं ते. तिचं कुठं आहे?" मला भांडायचा कंटाळा आला होता. वांगी रद्द झाली.

तेराव्याला पान मांडलं. हुग्गीतलं तूप पानभर पसरलं. वड्या, आंबोडे, एका द्रोणात कुस्करलेली दूधपोळी. लेकीनं वर साखर घातली, थोडी जमिनीवर सांडली. सगळं पान भरून गेलं आणि मला ते पान अनोळखी वाटलं. कुणाचंतरी असेल, आईचं वाटेना. नंतर पंगत बसली. अण्णानं हुग्गी तीनदा घेतली. हात धुताना माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "आपण पोटभर खाल्लं की तिला आवडायचं. तेच तिच्या आवडीचं. उगाच मनाला लावून घेऊ नको."

मी म्हटलं, "सोयीचं आहे रे तुला." त्याला लागलं. मला त्याचंही काही वाटलं नाही. तिच्या नावानं आम्ही सगळे आपापल्या आवडीचं जेवलो होतो आणि वर तिलाच ते हवं होतं म्हणत होतो. गेल्यावरसुद्धा तिनं आम्हालाच वाढलं. याला आवड म्हणत असतील तर म्हणोत, माझं मन भरलं नाही. ती अडकून राहिली असेल असं नाही. पण मला अडकल्यासारखं झालं होतं, आणि तेवढं एकच मला त्या दिवसांत नीट जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मी नवनगरला परतले. घर बंद होतं, सगळ्यावर धूळ. आम्ही दोघींनी केर काढला. ती रात्रीच्या गाडीनं बेंगळूरला जाणार होती. संध्याकाळी तिनं बॅग भरता भरता विचारलं, "जाण्याआधी काहीतरी करते. तुला काय खावंसं वाटतंय?"

मी म्हटलं, "मला काय, काहीही चालेल. तुला जे आवडतं ते कर. मलाही तेच आवडतं."

तिनं हातातले कपडे खाली ठेवले. "आई," ती म्हणाली, "असं नको ना करू."

"काय केलं मी?"

"मला उद्या कुणी विचारलं तर?" तिनं विचारलं. "तुझ्याबद्दल विचारलं तर मी काय सांगू? मी पण फोन करत बसू का लोकांना? मला आत्ता सांग. खरं सांग. तुला काय आवडतं?"

माझ्या तोंडून आपोआप आलं, "भरली वांगी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? लहानपणापासून."

"मग इथं का करत नाहीस कधी? या घरात मी कधी वांगं बघितलं नाही."

"आईसारखी होत नाहीत," मी म्हटलं. हे मी कितीतरी वर्षं म्हणत आले होते.

"एकदा तरी करून बघितलीस?"

नव्हती बघितली. एकदाही नाही. बाजारात वांग्यांच्या ढिगासमोरून मी सरळ पुढे जाते. कचेरीत कुणाच्या डब्यात वांगं असलं तर मी रस तेवढा घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत वांगं पानात आलं तर चटणीखाली सरकवायचे. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही मी कधी दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मी खाली बसले. मला वांगं आवडत नाही. त्याच्या बिया आवडत नाहीत, ते गिळगिळीत लागतं ते आवडत नाही, खाल्लं की जीभ खाजते आणि घसाही. पहिल्यांदा खाल्लं तेव्हाही खाजली होती.

मी तेव्हा पहिलीत की दुसरीत होते. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आईनं शेजारणीकडून शिकून घेऊन वांगी केली होती. ती सकाळपासून खुशीत होती, एरवी काम करताना न बोलणारी बाई त्या दिवशी दाणे कुटताना गुणगुणत होती. पानं वाढली. अप्पांनी एक घास घेतला आणि वांगं बाजूला सारलं. "हे काय, नुसत्या बिया." अण्णानं त्यांचं बघून लगेच आपलंही सारलं. आई हातात पळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बरं. नाही करत परत." अगदी हलक्या आवाजात म्हणाली. पातेल्यावर झाकण ठेवलं. मी तिच्याकडे बघितलं. काय दिसलं मला ते आता सांगता येत नाही. पण मी म्हटलं, "मला आवडली. मला अजून एक वाढ."

आणि आई म्हणाली, "अगंबाई, हिला आवडतात की!"

त्यानंतर आमच्या घरात वांगी होत राहिली. हिला आवडतात म्हणून. अप्पा कुरकुरले की आई म्हणायची, "पोरीसाठी केलीत, तुम्ही नका खाऊ." बापाच्या घरी ज्या गोष्टीला बंदी होती आणि नवऱ्याच्या घरी जी पहिल्याच दिवशी नापास झाली, ती तिनं माझं नाव पुढे करून जन्मभर खाल्ली. अण्णासाठी हुग्गी, वहिनीसाठी वड्या, नातीसाठी दूधपोळी. या तिघांना तिनं त्यांचं ते आपलं म्हणून सांगितलं. एक माझ्याच बाबतीत उलट होतं. वांगं तिचं होतं, आणि माझं म्हणून मी सांगत आले होते.

मी आचाऱ्याला बरोबर सांगितलं होतं. आणि नंतर मीच ते काढून टाकलं.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आज्जीला माहीत होतं? तुला आवडत नाही ते?"

मी नाही म्हणणार होते. आणि मला ते लहान वांगं आठवलं. दर वेळी ती पळीनं पातेल्यात शोधायची. मोठी वांगी बाजूला सारून, तळाशी कुठंतरी असलेलं सगळ्यांत लहान वांगं वर काढायची, माझ्या पानात ठेवायची, आणि त्यावर रस जास्त घालायची. कोवळं आहे गं, म्हणायची. मी दुसरं मागितलं की म्हणायची, "पुरे, पोट बिघडेल." दुसऱ्या कुठल्या पदार्थाला ती कुणालाही कधी पुरे म्हणालेली मला आठवत नाही.

तिला माहीत होतं. केव्हापासून, कोण जाणे. बहुतेक पहिल्या दिवसापासून.

तेव्हा मला रडू आलं. फार मोठ्यानं आलं. लेक घाबरली, मग ती पण रडायला लागली. तिची बॅग तशीच उघडी होती. त्या दिवशी तिची गाडी चुकली.

मागच्या पायरीवरचं ते ताटही मला आता दिसतं. कडेला काढून ठेवलेली, तिनं मुठीत घेऊन आळ्यात टाकलेली ती वांग्याची देठं होती असं मला वाटतं. खरंच होती की मीच ती आता तिथं ठेवते आहे, हे मला सांगता येत नाही. विचारायला कुणी नाही.

आईचं पहिलं मासिक श्राद्ध रविवारी आलं. लेक आदल्या दिवशी आली. सकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वांगी निवडून घेतली. मळमड्डीच्या स्वयंपाकघरात वहिनीनं दाणे भाजून दिले. ती म्हणाली, "मासिकाला वांगं चालतं का हो?" मी म्हटलं, "आजपासून चालतं." ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मसाला जरा जास्त झाला, एका वांग्याचे तुकडे पडले, तेलही हवं तसं सुटलं नाही. आईसारखी झाली नाहीत. एवढं मात्र मी खरंच सांगत आले होते.

आईच्या नावाचं पान मांडलं. मी पातेल्यात पळी घालून सगळ्यांत मोठं वांगं शोधलं आणि तिच्या पानावर देठासकट वाढलं. बाकीचं नंतर.

मग आम्ही जेवायला बसलो. लेक वाढत होती. अण्णानं वांगं बघितलं आणि नको म्हणून पानावर आडवा हात धरला. माझ्यापाशी आल्यावर लेकीनं पातेल्यात शोधून शोधून सगळ्यांत लहान वांगं काढलं आणि माझ्या पानात ठेवलं. मी खाल्लं. बिया दाताखाली आल्या, जीभ खाजली. मला ते मुळीच आवडलं नाही.

"अजून एक वाढ," मी म्हटलं.